मोठ्या खंडानंतर मैदानात: विजय मर्चंट यांचा शेवटचा कसोटी सामना आणि तुमचा खांदा

दिवाळी झाली, कापूस वेचणीचा जोर ओसरला की जळगाव-धुळ्याकडच्या गावांत टेनिस बॉलच्या टुर्नामेंट सुरू होतात. त्यानंतरच्या सोमवारी हाडांच्या ओपीडीत ठरावीक पेशंट दिसतात. कोणी पोटरी धरून लंगडत येतो, कोणी हात गळ्यात अडकवून. वय साधारण ३५ ते ५०. सगळ्यांचे म्हणणे एकच असते की पूर्वी रोज खेळायचो तेव्हा कधी काही झाले नाही. ते खरेही असते. फक्त 'पूर्वी' आणि 'आता' यांच्यामध्ये दहा वर्षे गेलेली असतात.

तुम्ही त्यांच्यापैकी असाल, किंवा पायाचे प्लास्टर निघाल्यावर, टायफॉइडमधून उठल्यावर लगेच शेतात जायची घाई करणारे कोणी तुमच्या घरात असेल, तर आज एका मोठ्या खेळाडूचे आयुष्य वाचा. खेळात मोठा खंड पडला की शरीरात काय उरते आणि काय जाते, हे त्यात फार स्पष्ट दिसते.

विजय मर्चंट हे नाव तुमच्या घरातल्या शाळकरी मुलाला माहीत असेल. १६ वर्षांखालील मुलांची देशपातळीवरची क्रिकेट स्पर्धा, विजय मर्चंट ट्रॉफी, त्यांच्याच नावाने खेळली जाते. त्यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत, ठाकरसी या गिरणीमालकांच्या घराण्यात झाला. मर्चंट हे त्यांचे मूळ आडनाव नव्हे. शाळेत मुख्याध्यापकांनी वडिलांचा व्यवसाय विचारला, उत्तरात व्यापारी असे आले, आणि तेच आडनाव समजून वहीत लिहिले गेले. पुढे ते सिडनहॅम कॉलेजात शिकले. १९३२ साली भारताचा संघ पहिला कसोटी सामना खेळायला इंग्लंडला निघाला, तेव्हा देशातले नेते तुरुंगात असताना जायचे नाही म्हणून ते निवडीपासून दूर राहिले. १९३३ च्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्यावर भारतातला पहिला कसोटी सामना झाला, त्यात मात्र ते खेळले.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात मँचेस्टरला मुश्ताक अली आणि मर्चंट यांनी सलामीला २०३ धावांची भागीदारी केली. त्यात मर्चंट यांच्या ११४ धावा होत्या. वय अवघे २४. इथून पुढे त्यांची भरभराटीची वर्षे यायची, तर दुसरे महायुद्ध पेटले. भारताचा १९३६ नंतरचा कसोटी सामना थेट १९४६ साली झाला. खेळाडूच्या आयुष्यातली २५ ते ३४ ही वर्षे कसोटीविना गेली.

आता इथे थोडे थांबा, कारण डॉक्टर म्हणून मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कसोटी थांबली, पण मर्चंट थांबले नाहीत. युद्धाच्या काळातही आपल्याकडे रणजी करंडक आणि पंचरंगी सामने चालू होते. १९४३-४४ च्या हंगामात तर मर्चंट आणि सांगलीचे विजय हजारे यांच्यात चढाओढच लागली. हजाऱ्यांनी २४८ केल्या, मर्चंट यांनी नाबाद २५० करून उत्तर दिले, त्याच सामन्यात हजाऱ्यांनी ३०९ काढल्या. त्याच हंगामात मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या. ३५९ धावा काढायच्या म्हणजे तासन् तास उन्हात उभे राहायचे, धावायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पॅड बांधायचे. हृदय, फुप्फुसे, पोटऱ्या, कंबर सगळे कामात होते.

इंग्लंडमध्ये उलट परिस्थिती होती. तिथली काउंटी चॅम्पियनशिप १९३९ साली थांबली ती १९४६ सालीच पुन्हा सुरू झाली. कोणी सैन्यात, कोणी कारखान्यात, काही परत आलेच नाहीत. त्या १९४६ च्या पावसाळी उन्हाळ्यात भारताचा संघ तिथे गेला आणि मर्चंट यांनी दौऱ्यात ७४.५३ च्या सरासरीने २३८५ धावा केल्या. त्यांची प्रतिभा होतीच, पण माझ्या मते त्यात सराव न तुटलेल्या शरीराचाही वाटा होता. थांबलेली फक्त मोठी स्पर्धा असेल तर नुकसान थोडे होते. शरीरच थांबले तर हिशेब वेगळा होतो.

तो किती वेगळा होतो, याचा एक प्रयोग वैद्यकात प्रसिद्ध आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. उठल्यावर त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, म्हणजे आपण ज्याला दम म्हणतो तो, पावपेक्षा जास्त घटला होता. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, आणि असे दिसले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने दम जेवढा कमी केला, त्याहून जास्त तो त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने कमी झाला होता. यातली चांगली बातमीही सांगतो. पन्नाशीतल्या त्या माणसांनी सहा महिने बेताबेताने व्यायाम वाढवला, तेव्हा त्यांचा दम विशीतल्या पातळीला परत आला.

खंड पडल्यावर शरीरातल्या सगळ्या गोष्टी एकाच वेगाने जात नाहीत. पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा अंश घटतो, म्हणून हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलते आणि तेवढ्याच कामाला नाडी जास्त पळते. जिना चढताना लागणारी धाप ही त्याची खूण. स्नायूंची ताकद मात्र तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकते, अर्थात पाय प्लास्टरमध्ये नसेल किंवा ताप आलेला नसेल तर. उन्हाची सवय दोन-चार आठवड्यांत जाते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा हीच गोष्ट सगळ्यात आधी नडते. सगळ्यात जास्त टिकते ती कला. सायकल, पोहणे, विळ्याने कापणी, बॅट फिरवणे हे मेंदूत बसलेले असते, ते वर्षानुवर्षे पुसले जात नाही.

परत यायचा वेगही असाच वेगवेगळा. रक्ताचे प्रमाण एक-दोन आठवड्यांत सुधारते, स्नायू एक-दोन महिन्यांत, पण स्नायूला हाडाशी बांधणारी जी चिवट दोरी असते, जिला आम्ही कंडरा किंवा टेंडन म्हणतो, तिला कित्येक महिने लागतात. तिला रक्तपुरवठाच कमी. धोका इथेच असतो. तीन आठवडे सराव झाला, दम आला, मांड्या भरल्या, डोक्याला वाटते की सगळे जमले. तेव्हा स्नायू जोरात ओढतो आणि कंडरा अजून तयार नसतो.

२०११ साली अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे त्यांच्या हाताने खेळायच्या फुटबॉलमध्ये, मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे साडेचार महिने सगळे बंद होते. सराव शिबिरे सुरू झाल्यावर पहिल्या १२ दिवसांत १० खेळाडूंचा टाचेमागचा कंडरा तुटला. ही तरुण, पैलवानी शरीराची माणसे होती. आपल्या नेहमीच्या फुटबॉलमध्ये २०२० साली करोनाने तशीच वेळ आणली. जर्मनीची बुंडेसलीगा मार्चमध्ये थांबली आणि १६ मे रोजी रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली. घरात सायकल मारून खेळाडूंनी दम बराच राखला होता. पण फुटबॉलपटू एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळतो ते एका चालीने नव्हे; मधेच जोरात सुटणे, एकदम थांबणे, वळणे हे घराच्या गच्चीवर होत नाही. म्हणूनच फुटबॉलचे नियम करणाऱ्या मंडळाने त्या मे महिन्यात एका सामन्यात तीनऐवजी पाच बदली खेळाडूंना परवानगी दिली, आणि पुढे ती कायमची झाली. लाखो रुपये घेणाऱ्या, फिजिओ दिमतीला असणाऱ्या खेळाडूंनाही खंडानंतर पूर्ण ९० मिनिटे झेपणार नाहीत हे त्यांनी मान्य केले. मग तुम्ही पहिल्याच रविवारी दोन सामने का खेळता?

फुटबॉलचा विषय निघालाच आहे तर मर्चंट यांच्याच आयुष्यातला एक फुटबॉलपटू सांगतो. १९४६ च्या ओव्हल कसोटीत मर्चंट १२८ धावांवर धावबाद झाले. चेंडू हातात घ्यायला वेळ नव्हता म्हणून इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टनने तो लाथेने मारला आणि यष्ट्या उडवल्या. कॉम्प्टन हा आर्सेनलचा व्यावसायिक फुटबॉलपटू. युद्धात त्याची नेमणूक महूला होती. धुळ्याहून आग्रा रोडने सेंधव्याच्या पुढे इंदूरकडे निघालात की वाटेत लागते तेच महू. तिथे असताना तो होळकर संघाकडून रणजी खेळला, आणि १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ केल्या. त्याच सामन्यात मर्चंट यांनी २७८ केल्या आणि मुंबई जिंकली. युद्ध संपल्यावर १९४७ च्या एका इंग्लिश हंगामात कॉम्प्टनने ३८१६ धावा काढल्या, आणि १९५० साली एफए कप जिंकणाऱ्या आर्सेनल संघातही तो होता. पण १९३८ साली फुटबॉल खेळताना झालेली गुडघ्याची इजा त्याला सोडेना. १९५५ साली त्याची गुडघ्याची वाटी काढून टाकावी लागली. नऊ-दहा महिने मेहनत करून १९५६ च्या ऑगस्टमध्ये तो कसोटीत परतला आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९४ धावा करून गेला. ऑपरेशननंतर महिन्याभरात चिडचिड करणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांनी हे नऊ-दहा महिने लक्षात ठेवावेत. (आज आम्ही वाटी शक्यतो काढत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

मर्चंट यांचा खरा खंड १९४६ नंतर पडला. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी ते कर्णधार ठरले होते, पण तब्येतीमुळे जाता आले नाही. १९४८-४९ ला वेस्ट इंडीजचा संघ आला, तेव्हाही तब्येतीनेच दगा दिला. पाच वर्षे त्यांनी एकही कसोटी खेळली नाही. मग १९५१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडविरुद्ध दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर ते उतरले. वयाची चाळीस वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती.

इंग्लंडचा पहिला डाव सदाशिव शिंदे यांच्या फिरकीने २०३ धावांत गुंडाळला. शिंद्यांनी सहा गडी घेतले. मग मर्चंट आणि हजारे जमले. दोघांनी तिसऱ्या विकेटसाठी २११ धावा जोडल्या. मर्चंट यांनी १५४ काढल्या, तेव्हा भारतीयाची कसोटीतली ती सर्वोच्च खेळी ठरली, आणि त्याच डावात हजाऱ्यांनी नाबाद १६४ करून ती मागे टाकली. पाच वर्षे कसोटीबाहेर राहिलेल्या, चाळिशी गाठलेल्या माणसाचे हे शतक! कसोटीत शतक करणारा सगळ्यात वयस्क भारतीय म्हणून आजही त्यांचेच नाव घेतात. हात, डोळा, पदलालित्य यातले काहीही गेलेले नव्हते.

आणि क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला. त्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. वर सांगितलेली कला आणि कंडरा यांची गोष्ट या एकाच सामन्यात आहे, म्हणून मी तो निवडला. फलंदाजी ही शिकलेली, बेतलेली हालचाल असते. चेंडू अडवायला अंग टाकणे, हात ताणून झेपावणे ही न ठरवलेली हालचाल, आणि त्यात चाळिशीच्या शरीराला कोणी आधी विचारत नाही. ओपीडीत येणारेही बहुतेक वेळा बॅटिंग-बॉलिंगने दुखावलेले नसतात. कोणी चेंडूमागे पळताना, कोणी एकदम दुसरी धाव घेताना, कोणी झेल घ्यायला मागे जाताना पडलेले असतात.

खांद्याबद्दल थोडे सविस्तर. या सांध्याची खोबण उथळ असते, म्हणून हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच त्याला धरून ठेवायला चार छोट्या स्नायूंचे कंडरे लागतात. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. चाळिशीनंतर हे कंडरे आतून झिजू लागतात, दुखत नसले तरीही. अशा खांद्यावर पडलात किंवा हाताला हिसका बसला तर कंडरा फाटू शकतो. एक्स-रे नॉर्मल येतो, लोक निश्चिंत होतात, आणि दोन महिने मालीश करत राहतात. कृपया तसे करू नका. चाळिशीनंतर पडल्यावर हात बाजूने वर उचलता येत नसेल, दुसऱ्या हाताने उचलावा लागत असेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर एक-दोन आठवड्यांत हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सोनोग्राफी किंवा एमआरआय लागू शकतो. ताजा फाटलेला कंडरा वेळेत शिवता येतो. उशीर झाला की तो आखडतो, स्नायूत चरबी भरते आणि मग शिवूनही फारसा उपयोग होत नाही. पहिल्या दोन दिवसांत हात झोळीत ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावा, कोणाकडूनही ओढून घेऊ नका. शुगर असणाऱ्यांनी मात्र हात आठवडेच्या आठवडे बांधून ठेवू नये, कारण त्यांचा खांदा लवकर जखडतो. हालचाल कधी सुरू करायची ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा.

आता परत सुरुवात कशी करायची ते पाहू. व्यायामशास्त्रात एक साधा हिशेब वापरतात. पूर्वी जेवढे करत होता त्याच्या निम्मे पहिल्या आठवड्यात, ७० टक्के दुसऱ्या, ८० टक्के तिसऱ्या, ९० टक्के चौथ्या आठवड्यात. हा हिशेब तरुण खेळाडूंचा आहे. तुमचा खंड वर्षांचा असेल, वजन दहा किलोने वाढले असेल, तर प्रत्येक पायरीला दोन-तीन आठवडे द्या. आधी मेहरूण तलावाच्या कडेने भरभर चालणे, चालताना बोलता आले पाहिजे इतपत. मग चढ, मग थोडे पळणे. एका पायावर उभे राहून टाच वर-खाली करणे, भिंतीला हात लावून दंड काढणे हे कंडऱ्यांसाठी, आठवड्यातून तीन दिवस पुरे. जोरात सुटणे, वळणे, झेप घेणे सगळ्यात शेवटी. पण सामन्याआधी ते सरावात झालेच पाहिजे. सामन्यात ते पहिल्यांदा करायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा सुजला किंवा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखला, तर एक पायरी मागे या.

आजारातून उठलेल्यांसाठी वेगळे सांगतो. डेंग्यू, टायफॉइडनंतर ताप गेला म्हणजे ताकद आली असे नाही. घरातल्यांनी टोमणे मारू नयेत. केळीचे घड वाहणे, पंप उचलणे, भर उन्हात उभे राहणे हेही खेळाडूच्या सामन्यासारखेच काम आहे, आणि त्यालाही निम्म्यापासूनच सुरुवात लागते. पहिले दहा-पंधरा दिवस सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी काम करा, म्हणजे शरीराला उन्हाची सवय परत लागेल.

खेळ सुटल्यावरही मर्चंट रिकामे बसले नाहीत. रेडिओवर क्रिकेटविषयी ते इतके छान बोलत की रविवारी लोक वाट पाहत. १९७१ च्या सुरुवातीला निवड समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांच्या निर्णायक मतामुळे अजित वाडेकर कर्णधार झाले, आणि त्या वर्षी भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकल्या. अंध आणि अपंग माणसांना रोजगार मिळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. प्रथम श्रेणीतली त्यांची ७१.६४ ही सरासरी ब्रॅडमनच्या खालोखाल मानली जाते. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने मुंबईत त्यांचे निधन झाले.

चाळिशी ओलांडली असेल आणि तुम्ही बऱ्याच वर्षांनी पुन्हा खेळणार असाल, तर आधी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासा आणि ईसीजी काढा. घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आलेला असेल, तंबाखू किंवा बिडी असेल, तर डॉक्टरांना ते स्वतःहून सांगा, स्ट्रेस टेस्ट लागेल का विचारा. खेळताना छातीत जड वाटले, डावा हात किंवा जबडा भरून आला, दरदरून घाम सुटला, चक्कर आली, तर ओव्हर पूर्ण करायची नाही. जागच्या जागी बसा, सोबतच्यांना १०८ ला फोन करायला सांगा, आणि गॅस झाला असेल म्हणून सोडा पिऊन घरी जाऊ नका.